शासकीय प्रवासकार्ड : सोय, जबाबदारी आणि गैरवापरास आळा

शासनाचे काम केवळ कचेरीत बसून होत नाही. धरणाची पाहणी करावयाची असो, शाळेची तपासणी असो, न्यायालयात साक्ष द्यावयाची असो किंवा एखाद्या प्रशिक्षणास हजर राहावयाचे असो, कर्मचाऱ्यास गाव सोडून जावेच लागते. प्रवास आला की खर्च आला आणि खर्च आला की तीन प्रश्न उभे राहतात. पैसा आधी कोणी द्यावयाचा? मागून तो कोणी तपासावयाचा? आणि चूक झाल्यास जबाबदार कोणास धरावयाचे? जगातील प्रत्येक शासनास या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागली आहेत.

अमेरिकेच्या संघराज्य शासनाने या प्रश्नांना दिलेले उत्तर म्हणजे शासकीय प्रवासकार्ड होय. या कार्डामुळे सोय झाली, कागदपत्रे कमी झाली, खर्चाची नोंद आपोआप होऊ लागली. परंतु त्याचबरोबर गैरवापराच्या नव्या वाटाही खुल्या झाल्या. त्या वाटा कशा सापडल्या, त्या बंद करण्यासाठी कोणते उपाय योजण्यात आले आणि त्यांतून आपल्याकडील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रवासकार्ड म्हणजे काय?

जुन्या पद्धतीत कर्मचाऱ्यास प्रवासापूर्वी रोख अग्रिम देण्यात येई आणि परत आल्यावर त्याने हिशेब सादर करून उरलेली रक्कम भरावी अशी अपेक्षा असे. अग्रिम वेळेवर वसूल न होणे आणि शासनाचा पैसा महिनोन्‌महिने कर्मचाऱ्यांकडे पडून राहणे, हे या पद्धतीचे सर्वत्र आढळणारे दोष होत. ते टाळण्यासाठी बँकेमार्फत कार्ड देण्याची कल्पना पुढे आली. १९९८ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेत सामान्य सेवा प्रशासन या खात्याच्या देखरेखीखाली ‘स्मार्टपे’ ही योजना सुरू झाली. प्रवासासाठी, खरेदीसाठी आणि शासकीय वाहनांच्या इंधनासाठी तीत वेगवेगळी कार्डे आहेत. त्यांपैकी प्रवासाच्या कार्डाचाच येथे विचार केला आहे.

हे कार्ड आणि बाजारात सर्रास मिळणारे उधारीचे कार्ड यांत एक महत्त्वाचा फरक आहे. बाजारातील कार्डावर थोडी रक्कम भरून उरलेली रक्कम व्याजासह पुढच्या महिन्यावर ढकलता येते. शासकीय प्रवासकार्डावर तशी मुभा नाही. महिन्याचे विवरणपत्र आले की त्यातील संपूर्ण रक्कम मुदतीत भरावी लागते. कार्ड उधारीसाठी नसून केवळ शासकीय प्रवासाच्या खर्चासाठी आहे, हे तत्त्व या रचनेतच गोवलेले आहे.

या योजनेत दोन प्रकारची खाती असतात. पहिल्या प्रकारात कार्ड कर्मचाऱ्याच्या नावाने असते, बँक देयक त्यालाच पाठविते आणि ते फेडण्याची जबाबदारीही त्याचीच असते. त्याने केलेल्या योग्य खर्चाची प्रतिपूर्ती शासन त्याला करते. दुसऱ्या प्रकारात खाते कार्यालयाच्या नावाने असते आणि त्यावरील खर्च, विशेषतः विमानाची तिकिटे, शासन बँकेस परस्पर देते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण गैरप्रकारांपैकी कित्येकांचे मूळ या दोन खात्यांमधील फटीत आहे.

गैरप्रकारांचे चार वर्ग

‘गैरवापर’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. परंतु रोग ओळखल्याशिवाय औषध देता येत नाही. म्हणून प्रथम वर्गवारी करणे इष्ट ठरेल.

पहिला वर्ग खासगी वापराचा. दौरा नसताना घरगुती खरेदीसाठी कार्ड वापरणे, दौऱ्यावर असताना करमणुकीसाठी वापरणे किंवा यंत्रातून गरजेपेक्षा अधिक रोकड काढणे, हे प्रकार यात येतात. रक्कम पुढे कर्मचाऱ्याने स्वतःच्या पगारातून फेडली तरी हा गैरवापरच ठरतो; कारण कार्ड त्या कामासाठी दिलेलेच नसते.

दुसरा वर्ग थकबाकीचा. खर्च योग्य होता, शासनाने प्रतिपूर्तीही केली, पण कर्मचाऱ्याने ती रक्कम बँकेत न भरता अन्यत्र खर्च केली. येथे शासनाचा पैसा प्रत्यक्ष बुडत नाही, असे वरवर पाहता वाटते. परंतु बँकेचे नुकसान होते, शासनास उलाढालीवर मिळणारी सूट कमी होते आणि योजनेची पत घसरते.

तिसरा वर्ग फसवणुकीचा. न केलेल्या प्रवासाचे देयक सादर करणे, एकाच खर्चाची दोनदा मागणी करणे, पावतीतील आकडा बदलणे, शासनाने परस्पर घेतलेल्या तिकिटाचे पैसे स्वतःसाठी मागणे हे यात येते. येथे हेतू स्पष्ट असतो आणि प्रकरण शिस्तभंगापुरते न राहता फौजदारीपर्यंत जाते.

चौथा वर्ग बाहेरच्या भामट्यांचा. कार्डाचा क्रमांक चोरणे, बँकेच्या नावाने खोटा दूरध्वनी किंवा संदेश पाठवून सांकेतिक अंक काढून घेणे, हे प्रकार त्यात येतात. येथे कर्मचारी गुन्हेगार नसतो, तोच बळी असतो. तरीही त्याने विवरणपत्र वेळच्या वेळी तपासले नाही, तर चोरी महिनोन्‌महिने लपून राहते.

याखेरीज एक पाचवी गोष्ट आहे. तिला गुन्हा म्हणता येत नाही, पण नुकसान मात्र तिच्यामुळेही होते. ती म्हणजे निष्काळजीपणा. दौरा रद्द झाला, तिकीट तसेच पडून राहिले आणि परतावा मागावयाचा कोणी, हे कोणीच ठरविले नाही, तर पैसा वाया जातो आणि चोर मात्र कोणीही नसतो.

तपासणीतून काय उघड झाले?

अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २००२ ते २००४ या काळात संरक्षण खात्याच्या प्रवासकार्डांची कसून तपासणी केली. भूदल, नौदल व हवाईदल या तिन्ही दलांत खासगी वापराची आणि थकबाकीची प्रकरणे आढळली. तपासनिसांनी केवळ दोषी व्यक्तींची यादी करून काम संपविले नाही, तर दोष कोठून उद्‌भवतो याचा शोध घेतला, हे त्या अहवालांचे वैशिष्ट्य होय. त्यांना आढळलेली कारणे अशी होती : आधीपासून कर्जात बुडालेल्यांनाही फारशी चौकशी न करता कार्डे दिली गेली, कार्डांवर देखरेख ठेवणाऱ्या समन्वयकांकडे हे काम इतर कामांच्या जोडीला होते आणि एकेकाकडे शेकडो कार्डे होती, नोकरी सोडून गेलेल्यांची कार्डे वेळेवर रद्द झाली नाहीत, आणि गैरवापर उघड झाल्यावरही वरिष्ठांनी ठोस कारवाई केल्याचे अनेक प्रकरणांत दिसले नाही.

२००३ सालच्या अहवालाने वरच्या दर्जाच्या विमानप्रवासाकडे लक्ष वेधले. २००१ आणि २००२ या दोन वित्तीय वर्षांत संरक्षण खात्याने उच्च दर्जाच्या आसनांचा समावेश असलेली ६८,००० हून अधिक तिकिटे घेतली आणि त्यांवर सुमारे १२ कोटी ४० लाख डॉलर खर्च केले. नमुना तपासणीवरून असा अंदाज निघाला की, यांपैकी सुमारे ७२ टक्के प्रवासांना योग्य मंजुरी नव्हती. विशेष म्हणजे, अशा तिकिटांचा लाभ घेणाऱ्यांत वरिष्ठ अधिकारी अधिक होते. नियम खालच्यांसाठी आणि सवलत वरच्यांसाठी, अशी समजूत एकदा रुजली की कोणतेही परिपत्रक उपयोगी पडत नाही.

२००४ साली न वापरलेल्या तिकिटांचा प्रश्न पुढे आला. शासनाने घेतलेली अनेक तिकिटे पूर्ण किंवा अंशतः परताव्यास पात्र होती, पण परतावा मागितलाच गेला नाही. १९९७ पासूनच्या काळात अशा रीतीने किमान १० कोटी डॉलर वाया गेले असावेत, असा अंदाज तपासनिसांनी मांडला. याचे कारण साधे होते. तिकीट वापरले नाही हे प्रवाशाने कळवावे, एवढ्यावरच यंत्रणा विसंबून होती. घेतलेली तिकिटे आणि सादर झालेली देयके यांचा ताळा घालण्याची पद्धत नव्हती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अहवालात, कार्यालयीन खात्यातून आधीच दिलेल्या तिकिटांचे पैसे काही प्रवाशांनी पुन्हा मागितल्याचे आणि ते त्यांना मिळाल्याचेही दिसून आले.

प्रश्न त्यानंतर कायमचा मिटला असे झाले नाही. मे २०१५ मध्ये संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी एक अहवाल सादर केला. जुलै २०१३ ते जून २०१४ या एका वर्षात जुगारगृहांमध्ये खासगी कारणांसाठी झालेले असावेत असे ४,४३७ व्यवहार त्यांना आढळले. त्यांची रक्कम ९,५२,२५८ डॉलर होती. प्रौढांच्या करमणुकीच्या ठिकाणी झालेले आणखी ९०० व्यवहार ९६,५७६ डॉलरचे होते. खात्याच्या एकूण प्रवासखर्चाच्या मानाने ही रक्कम अल्प आहे, हे खरे. पण लोकांचा विश्वास टक्केवारीने मोजला जात नाही. जुगारगृहात शासकीय कार्ड वापरले गेले ही एक बातमी हजारो प्रामाणिक प्रवाशांच्या नावाला काळिमा लावून जाते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

एका दौऱ्याचा हिशेब

नियम वाचून जे उमगत नाही ते उदाहरणाने उमगते. समजा, एक अभियंता चार दिवसांच्या दौऱ्यावर गेला. विमानाचे तिकीट ४०० डॉलरचे होते व ते कार्यालयाच्या खात्यातून परस्पर घेण्यात आले. तीन रात्रींचे निवासभाडे प्रत्येकी १५० प्रमाणे ४५० डॉलर झाले. भोजन व किरकोळ खर्चाचा दैनिक भत्ता त्या ठिकाणी ६० डॉलर आहे असे मानू. अमेरिकी नियमांप्रमाणे दौऱ्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी हा भत्ता ७५ टक्केच मिळतो. म्हणजे मधल्या दोन दिवसांचे १२० आणि पहिल्या-शेवटच्या दिवसांचे ४५ प्रमाणे ९०, असे एकूण २१० डॉलर. टॅक्सीस ५० डॉलर लागले. त्याची योग्य मागणी ४५० अधिक २१० अधिक ५०, म्हणजे ७१० डॉलर होते.

आता त्याच्या कार्डाकडे पाहू. निवासाचे ४५०, टॅक्सीचे ५० आणि भोजनाचे १३०, असे ६३० डॉलर त्याने कार्डाने दिले. तेव्हा ७१० पैकी ६३० बँकेस जावयाचे आणि उरलेले ८० त्याचे स्वतःचे. हा हिशेब कोणासही समजण्याजोगा आहे.

यात चुकीस वाव कोठे आहे? अभियंत्याने देयकात विमानाचे ४०० डॉलरही दाखविले, तर मागणी १,११० होईल. तपासणाऱ्यापुढे कार्यालयीन खात्याचे विवरणपत्र नसेल, तर त्यास देयक बिनचूक वाटेल. कारण तिकीट खरे आहे, प्रवास खरा आहे आणि पावतीही खरी आहे. खोटी आहे ती केवळ मागणी. त्याने ७१० घेऊन बँकेत काहीच भरले नाही, तर शासनाच्या दप्तरी सर्व काही ठीक आणि बँकेच्या दप्तरी ६३० ची थकबाकी. तो दौरा तिसऱ्या दिवशीच संपवून परतला आणि देयक चार दिवसांचे दिले, तर निवासाची पावती व देयकातील तारीख ताडून पाहिल्याशिवाय ते उघड होणार नाही. एकच कागद पाहून फसवणूक सापडत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की ती बोलू लागते. सर्व हिशेबतपासणीचे सार या एका वाक्यात आहे.

आळा घालण्याची साधने

अमेरिकेत ऑक्टोबर १९९८ मध्ये प्रवास व परिवहन सुधारणा अधिनियम संमत झाला आणि शासकीय प्रवासाच्या खर्चासाठी कार्डाचा वापर सर्वसाधारणपणे सक्तीचा झाला. गैरप्रकारांचा अनुभव आल्यानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये शासकीय कार्ड गैरवापर प्रतिबंधक अधिनियम अमलात आला. या दोन कायद्यांतून आणि त्यांच्या अनुषंगाने काढलेल्या आदेशांतून उभी राहिलेली साधने तीन टप्प्यांत मांडता येतील.

पहिला टप्पा कार्ड देण्यापूर्वीचा. कर्मचाऱ्याची पत तपासली जाते. पत समाधानकारक नसेल तर कार्ड नाकारले जाते किंवा कमी मर्यादेचे, बंधने असलेले कार्ड दिले जाते. कार्ड मिळण्यापूर्वी प्रशिक्षण घ्यावे लागते आणि नियम समजल्याचे लेखी मान्य करावे लागते. फारसा प्रवास न करणाऱ्यास कार्ड देऊ नये, दिले असल्यास ते वापराविना उघडे ठेवू नये, हा साधा नियमही मोठे काम करतो.

दुसरा टप्पा वापर होत असतानाचा. प्रत्येक दुकानास व सेवेस बँकिंग व्यवस्थेत वर्गवारीचा एक सांकेतिक क्रमांक असतो. शासकीय प्रवासाशी संबंध नसलेले वर्ग बँकेकडून बंद करून घेता येतात. खर्चाची व रोख काढण्याची मर्यादा ठरविता येते आणि दौरा नसेल त्या काळात मर्यादा खाली आणता येते. हे कुलूप उपयुक्त आहे, पण अभेद्य नाही. जुगारगृहाच्याच इमारतीत निवासाची व भोजनाची सोय असते. तेथील व्यवहाराचा वर्ग उपाहारगृहाचा दिसू शकतो. म्हणून यंत्राबरोबर माणसाची नजरही लागते.

तिसरा टप्पा खर्चानंतरचा. यातील सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे विभागून प्रदान. वरील उदाहरणात ६३० डॉलर शासनाने परस्पर बँकेस द्यावयाचे आणि ८० कर्मचाऱ्यास. रक्कम हातातच आली नाही, तर ती अन्यत्र खर्च होण्याचा मोह राहत नाही. याशिवाय कायद्याने असे बंधन घातले आहे की, कार्यालयाने आधीच भरलेल्या खर्चाची मागणी मंजूर होत नाही ना, हे मंजुरी देणाऱ्याने पाहावे. न वापरलेल्या तिकिटांचा परतावा विमान कंपनीकडे मागावा. आणि नोकरी सोडणाऱ्याचे कार्ड तत्काळ रद्द करावे. ज्या खात्यांचा कार्डावरील प्रवासखर्च वर्षाला १ कोटी डॉलरहून अधिक आहे, त्यांच्या प्रवासकार्डांची लेखापरीक्षा महानिरीक्षकांनी ठरावीक कालाने करावयाची असते. गैरवापर करणाऱ्यास नोकरीतून काढण्यापर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. रक्कम न भरल्यास ६१ दिवसांच्या थकबाकीनंतर कार्ड स्थगित होते आणि १२६ दिवसांनंतर रद्द होते. वाद नसलेली थकबाकी बँकेच्या मागणीवरून पगारातून कापण्याची सोय १९९८ च्या कायद्यातच आहे. मात्र ही कपात हाती पडणाऱ्या वेतनाच्या १५ टक्क्यांहून अधिक होऊ शकत नाही.

कार्यालयाचेही कर्तव्य आहे

येथपर्यंत सांगितलेले बहुतेक नियम कर्मचाऱ्यास बांधणारे आहेत. परंतु विषयाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हा अभ्यास पुरा होणार नाही. कार्डाचे देयक ठरलेल्या दिवशी भरावे लागते. बँक थांबत नाही. कार्यालयाने मात्र प्रवासदेयक तीन महिने टेबलावर ठेवले, तर कर्मचाऱ्याने बँकेचे पैसे कोठून द्यावयाचे? ज्याच्या गाठीस थोडी शिल्लक आहे तो कसाबसा भरील. ज्याचा पगार घरभाडे आणि मुलांच्या शिक्षणात संपतो, तो थकबाकीदार ठरेल. त्याने एक पैशाचीही अफरातफर केलेली नसेल, तरी त्याची पत जाईल. दोष कचेरीचा आणि डाग माणसाला, असा हा अन्याय होय.

१९९८ च्या कायद्याने हे ओळखले होते. योग्य रीतीने भरलेले देयक सादर झाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रतिपूर्ती केली पाहिजे, अन्यथा विलंबाबद्दल कर्मचाऱ्यास जादा रक्कम द्यावी लागेल, असे बंधन त्या कायद्याने शासनावरच घातले. जो नियम कर्मचाऱ्यास दिवस मोजून देतो, त्याने कार्यालयासही दिवस मोजून दिले पाहिजेत. तरच त्या नियमास नैतिक बळ येते. नियंत्रण एकतर्फी असेल, तर प्रामाणिक माणूस प्रवासच टाळू लागतो आणि पाहणी, तपासणी, प्रशिक्षण ही कामे मागे पडतात.

कार्डे सरसकट बंद करणे हाही उपाय सुचविला जातो. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशाने संघराज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांकडील कार्डे ३० दिवसांसाठी गोठविण्यात आली. त्या आदेशातच आपत्तीनिवारण आणि अत्यावश्यक सेवा यांना वगळण्याची तरतूद करावी लागली. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कार्ड हे चैनीचे साधन नसून कामाचे हत्यार आहे. हत्यार बोथट झाले वा कोणी चुकीच्या कामास वापरले, तर ते कोणाच्या हाती द्यावयाचे आणि कसे वापरावयाचे याचा विचार करावयाचा असतो. केवळ ते पेटीत बंद करून काम पुढे सरकत नाही.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे प्रवासखर्चाची पद्धत निराळी आहे. दौरा कार्यक्रमास मंजुरी, आवश्यक तेथे अग्रिम, परतल्यावर प्रवासभत्ता देयक, नियंत्रक अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, आहरण व संवितरण अधिकाऱ्यामार्फत कोषागारातून रक्कम आणि शेवटी लेखापरीक्षा, असा हा मार्ग आहे. केंद्र शासनाने २०२२ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी विमानप्रवासाबाबत सूचना काढल्या. शासकीय खर्चाची तिकिटे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीन संस्थांमार्फतच घ्यावीत, अनुज्ञेय दर्जातील स्वस्तात स्वस्त भाडे निवडावे आणि शक्यतो २१ दिवस आधी आरक्षण करावे, असे त्यांत सांगितले आहे. साधने वेगळी असली तरी तत्त्वे तीच आहेत. पंचायत समितीच्या दप्तरापासून मंत्रालयापर्यंत ती लागू पडतात.

प्रतिस्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याने ती एक औपचारिकता समजू नये. दौऱ्याची मंजुरी, प्रवासाची तारीख, हजेरीपट व रजेची नोंद, निवासाची पावती आणि देयक हे कागद शेजारी ठेवून पाहण्यास थोडा वेळ लागतो. पण तेवढा वेळ दिला नाही तर पुढे चौकशीत महिने जातात. वसुलीचे आदेश काढणे म्हणजे वरातीमागून घोडे नाचविणे होय. खरी दक्षता पैसा जाण्यापूर्वीची.

एकाच व्यक्तीने दौरा मंजूर करावा, तिनेच देयक तपासावे आणि तिनेच रक्कम अदा करावी, असे कोठेही होऊ नये. लहान ग्रामपंचायतीत माणसे थोडी असतात, हे खरे. तरीही ग्रामसेवकाच्या प्रवासखर्चाची नोंद मासिक सभेपुढे ठेवणे आणि सरपंचांच्या खर्चाचा तपशील सदस्यांस पाहावयास मिळणे, एवढे तर करता येण्याजोगे आहे. ज्या खर्चावर चार जणांची नजर पडते, तो खर्च करताना हात आपोआप आखडतो.

वाहन शासकीय असेल तर प्रवासभाड्याची मागणी होत नाही ना, आयोजकांनी भोजन व निवास दिला असेल तर पूर्ण दैनिक भत्ता मागितला जात नाही ना, हे पाहणे म्हणजेच अमेरिकेतील दुहेरी तिकिटाचा प्रश्न आपल्या घरी सोडविणे होय. रद्द झालेल्या आरक्षणाचा परतावा कोणाच्या खात्यात जमा झाला, याची नोंद ठेवण्याची सवय लावावी. आज आरक्षण बहुधा कर्मचाऱ्याच्या दूरध्वनीवरूनच होते आणि परतावाही त्याच खात्यात येतो. ही रक्कम शासनाची आहे, याचे विस्मरण सहज होते.

शिक्षक आणि कनिष्ठ कर्मचारी यांनी दौऱ्याहून परतताच त्याच आठवड्यात देयक सादर करावे. उशिरा भरलेल्या देयकात आठवणीच्या चुका शिरतात आणि चूक व लबाडी यांत तपासणाऱ्यास भेद करता येत नाही. आणि देयक वेळेवर आले असेल, तर ते वेळेवर मंजूर करणे हे कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य आहे. निवडणुकीच्या किंवा प्रशिक्षणाच्या कामावर स्वतःच्या खिशातून खर्च करून गेलेल्या शिक्षकास पैशासाठी खेटे घालावे लागू नयेत. त्याच्या देयकावर आवक दिनांक घालावा, त्रुटी असल्यास सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात.

बँकेचे कोणतेही कार्ड अथवा दूरध्वनीवरील भरणा वापरणाऱ्या प्रत्येकाने सांकेतिक अंक कोणासही सांगू नये. बँकेचा अधिकारी असे अंक विचारीत नाही. फसवणूक झाल्याचे कळताच बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. येथे लाजेने गप्प बसण्यासारखे काही नाही. उशीर तेवढा घातक.

उपसंहार

या अभ्यासातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. कार्ड असो की अग्रिम, पैसा हातात देण्याची रीत बदलली म्हणून माणसाचा स्वभाव बदलत नाही. मोह असणारच. तो कमी करणारी रचना, तो वेळीच ओळखणारी तपासणी, दोषी कोणत्याही पदावरचा असला तरी त्याच्यावर होणारी कारवाई आणि निर्दोषास होणारा त्रास टाळणारी तत्परता, या चार गोष्टी एकत्र आल्या तरच व्यवस्था उभी राहते. यांपैकी शेवटची बहुधा विसरली जाते. चोरास पकडण्यासाठी घातलेल्या जाळ्यात प्रामाणिक माणूसच अडकून राहत असेल, तर जाळ्याचे विणकाम पुन्हा तपासावे लागेल.

प्रवासभत्त्याचे एक देयक म्हणजे लहानसा कागद. पण त्यावर सही करणारा कर्मचारी आपण काय काम केले हे जनतेस सांगत असतो, आणि प्रतिस्वाक्षरी करणारा अधिकारी ते खरे असल्याची ग्वाही देत असतो. कर भरणाऱ्या शेतकऱ्यास वा दुकानदारास हा कागद कधी पाहावयास मिळत नाही. त्याने तो पाहिला तर त्यास समाधान वाटावे, अशा रीतीने तो भरणे आणि तपासणे हे प्रत्येक लोकसेवकाचे कर्तव्य आहे.